दमट रात्रींचा हिशेब : घरगुती एसी आणि वीजमागणीच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

कामाला आजपासून सुरुवात. उष्ण कटिबंधातल्या घरातली एक खोली घ्यायची, तिथे एसी लावल्यावर वीज किती लागते आणि ती दिवसाच्या कोणत्या तासाला लागते हे दाखवणारा हिशेबाचा तक्ता तयार करायचा, एवढेच काम आहे. शाळेपुरते भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसालाही तो भरता यावा आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते उलगडून पाहता यावे.

हे हाती घ्यावेसे वाटले ते आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालामुळे. तेव्हा जगात सुमारे १६० कोटी एसी होते. २०५० पर्यंत ते ५६० कोटींवर जातील असा अंदाज त्यात आहे, आणि तेव्हाच्या एकूण संख्येतला निम्मा वाटा चीन, भारत आणि इंडोनेशिया या तीन देशांचा. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: जगातल्या सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी जेमतेम ८ टक्क्यांकडे एसी होता. पहिला आकडा सगळीकडे सांगितला जातो, दुसरा फार कमी वेळा. उकाड्याने रात्रीची झोप उडालेल्या माणसाने चार पैसे हाती येताच एसी घ्यावा, यात गैर काहीच नाही. या तक्त्याचा उपयोग त्याला बोल लावण्यासाठी होऊ नये, ही अट आजच लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी

नमुना खोली ठरली. ३ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर हवा. दोन भिंती बाहेरच्या बाजूला, वर उघडा काँक्रीटचा स्लॅब, आत झोपणारी दोन माणसे. दाराखिडक्यांच्या फटींतून ताशी साधारण २५ घनमीटर बाहेरची हवा आत येते असे धरले. यंत्र एक टनाचे, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालताना ३.५ किलोवॉट उष्णता खोलीबाहेर टाकणारे. एक युनिट विजेत ते साडेतीन युनिट उष्णता उचलते असे गृहीत धरले आहे. भिंती, स्लॅब आणि फटी मिळून आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे सुमारे ९० वॉट उष्णता आत येते.

हे सगळे आकडे बदलता येतील असे ठेवले आहेत.

२ मार्च

या आठवड्यात फक्त फटींतून येणाऱ्या हवेचा हिशेब केला, आणि त्यातून जे निघाले त्यावर हा सगळा प्रकल्प उभा राहील असे वाटते.

दोन ठिकाणे घेतली. एक कोरडे: दुपारचे ४२ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. दुसरे समुद्रकाठचे, दमट: रात्रीचे ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. दोन्हीकडे खोलीत २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी. कोरड्या ठिकाणी आत आलेली एक किलो हवा ४२ वरून २५ वर आणायला सुमारे १७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तिच्यात बाष्प आधीच कमी आहे, त्यामुळे ते काढायचा प्रश्न येत नाही.

आता दमट रात्र. तापमान ५ अंशांनीच उतरवायचे आहे, त्याला ५ किलोज्यूल पुरतात. पण या एक किलो हवेत बाष्प आहे साडेएकवीस ग्रॅम, आणि आपल्याला हवे आहे सुमारे अकरा. उरलेले साडेदहा-अकरा ग्रॅम पाणी करून बाहेर काढायचे तर त्याचा अप्रकट उष्मा, म्हणजे बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता, शोषून घ्यावा लागतो, आणि तो होतो जवळजवळ २६ किलोज्यूल. एकूण ३१.

म्हणजे ३० अंशांच्या दमट हवेला ४२ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा पावणेदोन पटींहून अधिक काम लागते, आणि त्या कामातले पाच वाटे हवा कोरडी करण्याचे, एक वाटा गार करण्याचा. हवामानाच्या बातमीत ४२ चा आकडा ठळक येतो आणि ३० चा येतही नाही. वीजमागणीचे अंदाज नुसत्या तापमानावरून बांधले तर दमट प्रदेशातल्या रात्री त्यातून निसटतात. तक्त्याच्या पहिल्या मसुद्यात बाहेरचे तापमान हा मुख्य रकाना होता. त्याच्या शेजारी आता दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊ लागते त्याचा, रकाना घातला आहे. ३० अंश आणि ८० टक्क्यांना दवबिंदू येतो सुमारे २६ अंश. आपल्या हव्या त्या खोलीचा दवबिंदू १५ च्या आसपास. बाष्प काढायचे तर यंत्राची आतली कॉइल, म्हणजे हवा जिच्यावरून जाते ते थंड नळीचे वेटोळे, १५ च्या खाली गेलीच पाहिजे, मग खोली कितीही अंशांवर लावलेली असो.

पूर्ण खोलीचा रात्रीचा हिशेबही जुळवला. भिंती, स्लॅब, फटी आणि दोन माणसांच्या अंगाची ऊब धरून तापमानापुरते सुमारे ५७० वॉट. फटींतून आलेले आणि श्वास-घामाचे बाष्प धरून आणखी २७० वॉट. एकूण ८४० वॉट उष्णता, त्यातली एक तृतीयांश निव्वळ बाष्पाची. आठ तासांत एसीच्या नळीतून तीन लिटरांहून जास्त पाणी बाहेर पडेल.

९ मार्च

छोटी नोंद. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, कोरडा झाला की आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. हवेतले बाष्प ताब्यात ठेवणे हे या यंत्राचे मूळ काम. आज रिमोटवर मोठ्या अक्षरात दिसते ते फक्त तापमान, आणि वापरणाऱ्याच्या हाती तेवढेच दिले आहे.

२२ मार्च

प्रकल्पाच्या गटातल्या एका एसी मेकॅनिकशी आज बराच वेळ बोलणे झाले. लोक एसी १८ वर का लावतात, हा माझा प्रश्न होता. त्यांचे उत्तर मला फार मोलाचे वाटले. ते म्हणाले, “ताई, रात्री बोलावतात तेव्हा तक्रार गरम होतंय अशी नसते. ‘चिकचिक होतंय, अंग ओलं राहतंय’ अशी असते. मी बघतो तर रूम २४ ला आलेली असते, कॉम्प्रेसर कट-ऑफ झालेला असतो.”

त्यांचे म्हणणे हिशेबात तंतोतंत बसते. खोलीला लागतात ८४० वॉट, यंत्र आहे ३,५०० वॉटचे. साधा, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर तासातली पंधराएक मिनिटे चालेल आणि उरलेला वेळ बंद. तापमान गाठले की तो थांबतो, पण आतला पंखा फिरत राहतो, आणि कॉइलवर साचलेले पाणी त्या वाऱ्याने पुन्हा बाष्प होऊन खोलीत परतते. खोली २४ अंश, पण दमट. माणूस मग हातात असलेले एकच बटण दाबतो आणि आकडा खाली आणतो, कारण त्याशिवाय कॉम्प्रेसर चालू राहत नाही आणि हवा कोरडी होत नाही. १८ चा आकडा ही पुष्कळदा कोरड्या हवेची मागणी असते. तिला चैन म्हणणे अन्यायाचे आहे.

यातून दोन गोष्टी पुढे येतात. ‘दीड टनाचाच घ्या, लवकर गार होईल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला दमट प्रदेशात उलटा पडतो: यंत्र जितके गरजेपेक्षा मोठे, तितके ते कमी वेळ चालते आणि तितके कमी बाष्प काढते. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करून सलग चालते, म्हणून ते इथे बरे. पण वीज वाचवण्यासाठी त्याची कॉइल फार थंड न ठेवण्याची सोय केलेली असेल, तर तेही पुरेसे पाणी काढत नाही.

दुसरी गोष्ट तारांकनाची. एसीची क्षमता मोजण्याच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय चाचणीत आतली हवा २७ अंश कोरड्या आणि १९ अंश ओल्या तापमापकाची असते, म्हणजे आर्द्रता ५० टक्क्यांच्याही खाली. भारतातले हंगामी कार्यक्षमतेचे गणित बाहेरच्या २४ ते ४३ अंशांच्या टप्प्यांवर १,६०० तास पसरलेले आहे. त्यात आर्द्रतेचा वेगळा टप्पा नाही. दुकानात पाच तारे पाहून यंत्र घेणाऱ्याला ते दमट रात्री खोली कोरडी ठेवील की नाही, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. भारत सरकारही सहभागी असलेल्या २०१८ च्या जागतिक शीतन स्पर्धेत खोली २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रता या दोन्ही मर्यादांच्या आत ठेवण्याची अट होती. तापमानाबरोबर आर्द्रता बांधून मोजणारी ती अट दर चिठ्ठीवर यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

२४ अंशांबद्दलही लिहून ठेवते. भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, आणि दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. उपाय चांगला आहे. पण चिकचिक न गेलेल्या खोलीत तो आकडा टिकत नाही, दहा मिनिटांत माणूस खाली आणतो.

५ एप्रिल

पंखा. एसी २४ ऐवजी २७ वर ठेवून वर पंखा लावावा, असे सगळेच सांगतात. वाऱ्याने अंगाला दोन-तीन अंशांचा फरक जाणवतो हे खरे आहे. नमुना खोलीत तपासून पाहिले. तीन अंशांची सवलत म्हणजे २७० वॉट उष्णता कमी, म्हणजे विजेत सुमारे ७७ वॉट. जुना पंखा स्वतःच ७५ वॉट घेतो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, जी पुन्हा एसीला उचलावी लागते. हातात काही उरत नाही. बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटचा. त्यात बचतीतला निम्मा भाग उरतो. जिथे पंखा तसाही चालूच असतो, तिथे पूर्ण बचत मिळते. त्यामुळे या सल्ल्यात पंख्याची जात सांगणे आवश्यक आहे.

एसी नसलेल्या दिवसांसाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून निघालेले सूत्र तक्त्यात घातले. ते कार्यालयांच्या पाहणीवर आधारलेले आहे, तरी उपयोगी आहे. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतीत बाहेरचे सरासरी तापमान ३० असेल, तर लोकांना आत सुमारे २९ अंश सुखाचे वाटतात. शरीर ऋतूप्रमाणे सरावते. बाराही महिने २२ ते २४ हाच माणसाचा सुखाचा पट्टा, ही समजूत उष्ण प्रदेशांवर लादलेली आहे.

१९ एप्रिल

स्लॅबचे काम अपेक्षेहून लांबले, पण करण्यासारखे होते. भर दुपारी एक चौरस मीटर छतावर सुमारे ९०० वॉट ऊन पडते. काळवंडलेले काँक्रीट त्यातले ७० टक्के, म्हणजे ६३० वॉट शोषते. पांढरे, स्वच्छ, परावर्तक छत ३० टक्के, म्हणजे २७०. यातला बराच भाग वाऱ्याने आणि आकाशाकडे परत जातो. उरलेला स्लॅबमधून हळूहळू खाली उतरतो, आणि १५ सेंटिमीटर काँक्रीट पार करायला त्याला चार-पाच तास लागतात. दुपारी साडेबाराचे ऊन संध्याकाळी पाचच्या सुमारास छताच्या खालच्या बाजूला पोहोचते, आणि रात्री दहालाही स्लॅब तापलेलाच असतो. वरच्या मजल्यावर राहणारा कोणीही हे हात लावून सांगेल.

भारताच्या निवासी इमारतींसाठीच्या इको निवास संहितेत (२०१८) छताची उष्णतावाहकता दर चौरस मीटर, दर अंश १.२ वॉटच्या वर नसावी अशी मर्यादा आहे. नुसत्या उघड्या स्लॅबची ती तिनाच्याही वर असते. नियम नव्या इमारतींना लागतो. आधी बांधून झालेल्या घरांच्या स्लॅबला पांढरा लेप किंवा उष्णतारोधक थर कोणी द्यायचा, हा प्रश्न तसाच राहतो, आणि भाड्याच्या घरात तर कठीणच: छत मालकाचे, बिल भाडेकरूचे. पांढरा लेप धूळ आणि शेवाळाने काळा पडतो, तो पुन्हा द्यावा लागतो, हेही तक्त्यात लिहिले.

३ मे

तासांचा आलेख आज पूर्ण झाला. मध्यरात्रीनंतर आपली खोली ८४० वॉट उष्णतेसाठी सरासरी २४० वॉट वीज घेते. एवढी वीज फार नाही. पण रात्री नऊ-दहाला माणूस तापलेल्या खोलीत येतो, एसी लावतो, आणि भिंती, गादी, कपाट, हवा आणि बाष्प हे सगळे एकदम खाली आणण्यासाठी यंत्र पूर्ण ताकदीने चालते, सुमारे एक किलोवॉटवर. एक कोटी घरांनी त्याच तासात हे केले तर १०,००० मेगावॉट. तीच घरे पहाटे तीनला २,४०० मेगावॉट घेतील.

वीज कंपनीला वीजकेंद्रे, तारा आणि रोहित्रे उभारावी लागतात ती त्या पहिल्या तासासाठी. भारतात ३० मे २०२४ रोजी मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली. दुपारी अशा मागणीला सौर विजेचा हातभार लागतो. रात्री नऊला तो शून्यावर आलेला असतो आणि स्लॅब मात्र दुपारचे ऊन परत देत असतो. म्हणून छताच्या पांढऱ्या लेपाची किंमत वर्षभराच्या युनिटांवरून काढू नये, त्या एका तासावरून काढावी, असे मला वाटते. संध्याकाळी चार ते सहा या वेळात, सूर्याची वीज असताना, खोली आधीच थोडी थंड आणि कोरडी करून ठेवण्याचा पर्यायही तक्त्यात दिला आहे. तो ज्या घरात दिवसा माणूस असते आणि खोली नीट बंद होते, तिथेच जमेल.

आणखी एक रकाना आज घातला आणि तो मी काढू देणार नाही. खोलीतले ८४० वॉट आणि यंत्राचे २४० मिळून १,०८० वॉट उष्णता बाहेरच्या गल्लीत पडते. अमेरिकेतल्या फीनिक्स या वाळवंटी शहरावरच्या २०१४ च्या अभ्यासात, एसींच्या या उष्णतेने काही भागांत रात्रीचे तापमान एक अंशाहून जास्त वाढते असे दिसले होते. ज्याच्या घरात एसी नाही, त्याची खिडकी त्याच गल्लीत उघडते.

१७ मे

देशोदेशीचे अनुभव चाळले. मेक्सिकोचा सर्वांत महत्त्वाचा. तिथे सरकारने २००९ ते २०१२ दरम्यान जुने फ्रिज आणि एसी देऊन नवे, कमी वीज खाणारे घेण्यासाठी लाखो घरांना अनुदान दिले. अर्थशास्त्रज्ञांनी वीजबिले तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले: फ्रिज बदललेल्या घरांत विजेचा वापर ८ टक्के घटला, आधी वर्तवलेल्या बचतीच्या जेमतेम चौथा हिस्सा, आणि एसी बदललेल्या घरांत तो वाढला. नवे यंत्र चालवायला स्वस्त पडले, तेव्हा लोकांनी ते अधिक चालवले. मला यात फसलेली योजना दिसत नाही. आधी उकाडा सोसणाऱ्या घरांना तो कमी सोसावा लागला, ही कमाई मोजदादीत कुठेच धरली गेली नाही. पण ज्याला वीजमागणीचा अंदाज बांधायचा आहे, त्याने ‘कार्यक्षम यंत्र म्हणजे तेवढी वजाबाकी’ असे गणित करू नये. तक्त्यात चालू तासांचा रकाना म्हणूनच वापरणाऱ्याने भरायचा ठेवला आहे.

इंडोनेशियात यंत्राचा आकार बहुतेक वेळा घराची वीजजोडणी ठरवते. ९०० किंवा १,३०० व्हीएची (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॉटच) जोडणी असलेल्या घरात मोठा एसी चालूच शकत नाही, त्यामुळे तिथे ‘अर्धा पीके’ (पीके म्हणजे अश्वशक्ती) या मापाची, साधारण चारशे वॉट घेणारी छोटी यंत्रे खूप खपतात. अडचणीतून आलेली ही सवय आमच्या नमुना खोलीच्या गरजेला एक टनापेक्षा कितीतरी जवळची आहे: छोटे यंत्र, जास्त वेळ चालणारे, जास्त पाणी काढणारे, आणि पहिल्या तासात निम्म्याहून कमी वीज ओढणारे. खोली गार व्हायला मात्र वेळ लागतो.

घानाने २००८ च्या नियमाने वापरलेले फ्रिज आणि एसी आयात करायला बंदी घातली. इतर देशांत टाकून दिलेली, वीज खाणारी यंत्रे स्वस्तात येऊन पडत राहिली तर घरातले सगळे हिशेब फुकट जातात, त्यामुळे हा नियम आफ्रिकेत तरी पहिल्या पायरीचा आहे.

२४ मे

एसीत भरलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या गॅसचा रकाना थोडक्यात उरकला. आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट, आर-२९० म्हणजे प्रोपेनची अगदी नगण्य, पण तो ज्वलनशील. २०१६ च्या किगाली करारानुसार यातले पहिले दोन टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत. मेकॅनिक मित्रांचे म्हणणे असे की गळती होते ती मुख्यतः बसवताना सैल राहिलेल्या जोडांतून, आणि गॅस कमी झालेले यंत्र वीजही जास्त खाते. बसवणाऱ्याचे प्रशिक्षण हा इथे सर्वांत स्वस्त उपाय आहे.

७ जून

तक्त्याची पहिली आवृत्ती गटातल्या सर्वांना पाठवली. प्रश्नांचा क्रम बदलला आहे. आधी छत: उघडे की वर मजला, काळे की पांढरे. मग खोली नीट बंद होते का. मग पंखा कोणत्या जातीचा. मग रात्री चिकचिक होते का. टन आणि तारे सगळ्यांत शेवटी. मेकॅनिक मित्रांना हा क्रम पसंत पडला. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर तेही आधी वर छताकडेच बघतात.

दवबिंदूचे आकडे कुठून आणायचे, ही अडचण सुटली आहे. जगातला जवळजवळ प्रत्येक विमानतळ दर तासाला, काही ठिकाणी दर अर्ध्या तासाला, हवामानाची नोंद प्रसिद्ध करतो आणि तिच्यात तापमानाशेजारी दवबिंदू असतोच. जाकार्ता, लागोस, मनौस आणि चेन्नई या चार ठिकाणांच्या वर्षभराच्या नोंदी आधी घेणार. त्यात रात्री नऊ ते अकरा या वेळेत दवबिंदू २४ च्या वर असलेले तास वेगळे काढायचे आहेत, आणि तापमानावरून बांधलेल्या अंदाजात त्यातले किती धरले जातात ते शेजारी मांडायचे आहे. विमानतळ शहराबाहेर, मोकळ्या वाऱ्यात असतो, म्हणून दाट वस्तीसाठी तापमानाचा रकाना वापरणाऱ्याला वर-खाली करता येईल असा ठेवला आहे. दवबिंदूला तशी फार गरज पडू नये.